पडून राहिलेला माल

रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान बंद होतं, तेव्हा सगळ्यात वरच्या फळीवरची खोकी शेवटी खाली येतात. सोलापुरात अशी दुकानं जागोजागी होती, आणि त्याला कारणही होतं. गिरण्यांचं आणि हातमागाचं हे गाव. एकाच बोळात मराठी घराला पुणे-मुंबई हवं, कन्नड घराला धारवाड, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घराला हैदराबाद. धारवाडचं केंद्र १९५०मध्ये सुरू झालं, पुण्याचं १९५३मध्ये. तीन भाषांची तहान एकाच डायलवर भागायची, मग सेट बिघडला की घर बेचैन व्हायचं.

त्या खोक्यांत कधीच न वापरलेला माल असतो. १९५४ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हच्या डब्या, मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर, ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांतले फिल्टर कंडेन्सर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स. डबीचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. जुने सेट दुरुस्त करणाऱ्याला वाटतं, घबाड सापडलं. वापरलं नाही म्हणजे झिजलं नाही, झिजलं नाही म्हणजे नवंच आहे, असा आपला सरळ हिशेब असतो. पण प्रत्येक वस्तूला पडून राहणं सारखं मानवत नाही.

फिल्टर कंडेन्सरचंच बघा. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साईडचा एक थर असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. सगळी मदार त्या थरावर. तो विजेच्या दाबानं तयार होतो आणि दाब मिळत राहिला तरच शाबूत राहतो. रोज चालणाऱ्या सेटमध्ये तो रोज थोडा सांधला जातो. फळीवर तीस वर्षं पडून राहिलेल्या कंडेन्सरमध्ये मात्र तो जागोजागी विरतो. असा कंडेन्सर सेटमध्ये बसवून एकदम अडीचशे व्होल्ट दिले, तर आतून करंट गळू लागतो, नळकांडं तापतं, कधी फुटतं, आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्हलाही घेऊन जातं.

म्हणून जाणता मेकॅनिक त्याला आधी टेबलावर घेतो. मध्ये मोठा रेझिस्टन्स घालून थोड्या व्होल्टपासून सुरुवात करायची आणि मीटरकडे बघत बसायचं. काटा आधी वर जातो, मग अगदी सावकाश उतरू लागतो. उतरला की व्होल्ट थोडे वाढवायचे. पुन्हा काटा चढतो, पुन्हा उतरतो. यात तास जातात. काटा मध्येच अडून बसला आणि उतरेचना, तर डबीवर कितीही मोठ्या कंपनीचं नाव असो, तो कंडेन्सर भंगारात. या कामात घाई करणाऱ्यानं जुन्या सेटला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो सेट कुणाच्या तरी आजोबांनी लायसन्सची फी भरून जपलेला असतो.

कागदी कंडेन्सरच्या वाट्याला तर मी जातच नाही. वरचं मेण शाबूत दिसलं तरी आतला कागद हवेतली ओल पीत राहिलेला असतो. तो गळका निघाला की आउटपुट व्हॉल्व्हचा जीव घेतो. तिथं आजचा नवा फिल्मचा कंडेन्सर लावावा. हवं तर जुन्याच पोकळ नळीत बसवावा, म्हणजे चासीचं रूप बिघडत नाही.

सोलापूरच्या हवेचा यात दुहेरी खेळ आहे. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. त्या धगीत फिल्टर कंडेन्सरमधला द्रव सुकतो. पण हीच कोरडी हवा कॉइलच्या बारीक तारा राखते. कोकणातल्या सेटमध्ये त्या तारांना जसा हिरवा गंज चढतो, तसा इथं सहसा चढत नाही.

व्हॉल्व्हची गोष्ट निराळी. काचेत हवाच नाही, मग काळ तरी आत कुठून शिरणार? माथ्यावरचा चंदेरी डाग तेवढा बघायचा. तो चकचकीत असेल तर निर्वात टिकला आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत गेली, खेळ संपला. एवढी परीक्षा दिलेला, साठ वर्षं झोपलेला व्हॉल्व्ह पिना घासून बसवला की मिनिटाभरात तांबूस उजळतो. ट्रान्झिस्टर त्याच्यापेक्षा धाकटे, म्हणून जास्त टिकाऊ असतील असं वाटेल. पण जुन्या सेटमधल्या एएफ ११७ जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये टोपणाच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट करतात. कधी न वापरलेल्या नगातसुद्धा! म्हणून तपासल्याशिवाय कशालाच नवं म्हणायचं नाही.

जो माल तपासणीत उतरला, त्याचं काय करायचं यावर मतं वेगळी आहेत. काहीजण सीलबंद डब्या कपाटात मांडून ठेवतात, कारण दरवर्षी किंमत वाढते. मला ते पटत नाही. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ हे व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी जगभर लागतात, म्हणून ते आजही स्लोव्हाकिया आणि रशियात बनतात. पण हवेतून आलेला सिग्नल पकडून त्याची फ्रिक्वेन्सी बदलणारा ईसीएच ८१ गिटारवाल्याच्या काहीच कामाचा नाही. त्याला मागणी आहे ती फक्त जुन्या रेडिओंची. जो शिल्लक आहे तो अशाच फळ्यांवर. तो सोलापुरातल्या खोक्यात निघाला, तर आधी त्या घरी पोचावा जिथं सेट रोज लागतो. चांगला व्हॉल्व्ह काही हजार तास चालतो. दिवसाला दोन तास रेडिओ ऐकणाऱ्या घराला तो कित्येक वर्षं पुरेल.