घोड्याचे औषध आणि माणसाचा धम्म

वाचकहो, जे एखाद्याच्या हिताचे आहे ते त्याच्या गळ्याखाली बळजबरीने उतरवावे काय? प्रश्न धम्माचाच आहे. पण आधी घोड्याकडे पाहू.

घोड्याला जंताचे औषध नको असते. तो मान झटकतो, दात आवळतो, मागे सरतो. मग अडाणी मालक दोघांना धरायला लावतो, तोंड उंच ताणतो आणि बाटली ओततो. घोडा श्वास नाकानेच घेतो आणि त्याला उलटी होत नाही. मान ताणलेली, जीव घाबरलेला, अशा वेळी घोट श्वासनलिकेत शिरला तर औषध फुप्फुसात उतरते आणि जनावर न्यूमोनियाने दगावू शकते. जाणता मोतद्दार आधी तोंडात चारा उरला नाही ना, हे पाहतो. समोर नव्हे, खांद्यापाशी उभा राहतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथे लगामाची कडी बसते, तिथे मोकळी जागा असते. तेथून बिनसुईची पिचकारी सरकवून तो औषधाचा लेप जिभेच्या मागल्या भागावर सोडतो. शहाणा असला तर आधी चार दिवस त्याच पिचकारीतून गुळाचे पाणी देतो. तरीही कधी धरावे लागतेच. जंत म्हणजे काय, हे घोड्याला सांगता येत नाही.

माणसाला सांगता येते.

बुद्धवंदनेत आपण तथागतांना 'पुरिसदम्मसारथि' म्हणतो. अंगुत्तरनिकायात केसी नावाचा घोडे शिकवणारा त्यांना भेटतो. तो म्हणतो, मी घोड्याला मऊपणाने शिकवतो, कठोरपणाने शिकवतो, दोन्ही रीतींनी शिकवतो. तरीही न वळणाऱ्याला मारतो. भगवान म्हणतात, मीही तसेच करतो. केसी चकित होतो. तेव्हा उलगडा होतो की, तथागतांचे मारणे म्हणजे त्या माणसाला उपदेश करणे थांबवणे. त्यांचा कठोरपणाही दुराचाराचे फळ दाखवण्याचा, म्हणजे शब्दांचाच.

आता आपल्या घरात या. आजीच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक नातू रात्री विहिरीत टाकतो आणि घर शुद्ध झाले म्हणून छाती काढून फिरतो. आजी दुसरा टाक आणते आणि कणगीत दडवते. औषध फुप्फुसात गेले ते असे!

तरुण वाचक म्हणेल, गुरुजी, अभयराजकुमार सुत्त विसरलात काय? मुलाच्या तोंडात खडा गेला तर रक्त आले तरी बोट घालून तो काढावा, असे तिथे आहे ना? आहे. पण तो दृष्टान्त अप्रिय परंतु सत्य व हितकर बोलावे की नाही, यासाठी आहे. आणि तिथे मांडीवरचे तान्हे मूल आहे. आजी तान्ही नाही. तिने स्वतः दीक्षा घेतली असेल तर तिच्या शब्दाची तिला आठवण द्या, स्पष्ट द्या, तिला राग आला तरी द्या. तो अधिकार तुम्हाला आहे.

बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केली आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिली. मधली एकवीस वर्षे ते अभ्यास करीत, बोलत, लिहीत, वाद घालीत होते. आपल्याला मात्र एका रात्रीत उरकायचे असते. केसीच्या शेवटच्या उपायाची भाषा आपण करतो. पण त्याचा पहिला उपाय तरी पुरा केला आहे काय? बावीस प्रतिज्ञा आजीपाशी बसून, एकेक करून, अर्थासह तिला कुणी वाचून दाखवल्या आहेत?