उघड्या दारातली प्रार्थना

पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी १८८९ साली मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. सदनात धर्माची शिकवण द्यायची नाही, असं ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती होत्या. लेक मनोरमेला घेऊन त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून शहरात गदारोळ उठला. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

समाजसुधारणेच्या इतिहासात हा वाद नेहमी येतो. त्याच्या मुळाशी असलेली आई आणि बारा वर्षांची लेक मात्र मागेच राहतात.

मुलांना श्रद्धा कशी द्यावी, हा प्रश्न रमाबाईंना इंग्लंडमध्येच पडला होता. १८८३ मध्ये वाँटेज इथे दोघींचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मनोरमा जेमतेम अडीच वर्षांची होती. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा रमाबाईंवर जीव होता. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल रमाबाईंच्या मनात शंका होत्या आणि आपल्याला न पटलेलं आपल्या लेकीच्या मनावर कुणी बिंबवावं, हे त्यांना मान्य नव्हतं. रमाबाई आणि जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा स्पष्ट दिसतो. मुलीच्या धर्मशिक्षणाचा शेवटचा शब्द आईचा, यावर रमाबाई ठाम राहिल्या.

पुण्यातल्या आजच्या ख्रिस्ती आईबापांनी हा ठामपणा जरूर घ्यावा. नाना पेठेत, खडकीत, वानवडीत चित्र सारखंच: सकाळी स्कूल बसची घाई, रात्री दमलेले आईबाप, आणि धर्म म्हणजे रविवार शाळेचा एक तास. शाळेत पाठ झालेली इंग्रजी प्रार्थना मूल घडाघडा म्हणतं. आजीच्या तोंडची मराठी गीतं, नारायण वामन टिळकांची भजनं त्याच्या कानावरही पडत नाहीत. जेवणाआधी दोन मिनिटं सगळ्यांनी मिळून, घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेत केलेली प्रार्थना रविवारच्या त्या तासापेक्षा खोल जाते. तिथे आजारी शेजाऱ्याचं नाव येतं, बाबांच्या नोकरीची काळजी येते, आणि मूल विचारतं, ‘‘आपण प्रार्थना केली होती ना, मग आजोबा का गेले?’’ या प्रश्नावर ‘देवाची मर्जी’ म्हणून ताट पुढे सरकवणारा बाप मोठी संधी दवडतो. ‘‘मलाही कळत नाही, पण मी अजून देवाशी बोलतो,’’ हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे.

रमाबाईंच्या टीकाकारांचं एक म्हणणं मात्र डावलता येत नाही. सदनातल्या मुली रमाबाईंवर अवलंबून होत्या. ज्यांच्या घरी राहायचं, जेवायचं, त्यांचा प्रभाव पडणारच. मूल तर आईबापांवर त्याहूनही अवलंबून असतं. म्हणून दार बाहेर जाण्यासाठीही उघडं हवं. सोसायटीच्या गणपतीत मित्राने मोदक पुढे केला तर घ्यायचा का, याचं उत्तर ख्रिस्ती घराघरांत वेगळं असतं. कोणतंही असो, त्यामागचं कारण सहा वर्षांच्या मुलाला समजेल असं सांगावं, आणि त्यावर त्याने आणखी तीन प्रश्न विचारले तर तेही ऐकून घ्यावेत.