पहिला क्रमांक कोणाचा?

माउली, नातू अभियांत्रिकीच्या कॅप फेरीचा पसंतीक्रम भरत होता. म्हणाला, "आबा, पहिलं काय लिहू?" पुण्याचे १८५४ सालापासूनचे महाविद्यालय, पण नावडती शाखा, की घराजवळचे साधे, पण आवडीची शाखा? पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद.

खरे सांगतो, पुण्याचे नाव मलाच मिरवायचे होते. जन्मभर कीर्तनात 'अभिमान सोडा' सांगितले, आणि तोच दारात उभा!

मग वारी आठवली. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. पुढे मान आहे; पण पंढरी मागच्यांनाही तीच, आणि चालायचे ज्याच्या त्याच्या पायांनी. म्हटले, "बाळा, चार वर्षं तुला चालायचंय. तुझी आवड पहिली लिही."

माउली, लेकरांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आपला मान तर नाही ना, एवढे पाहा. रामकृष्णहरि.