जुन्या ओतिवाचा सांधा

घरोघरी दिवे लागतात त्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत भट्ट्या निववून दुरुस्ती उरकण्याची वेळ येते. यंत्रांचे सुटे भाग ज्या भट्टीत लाल करून कठीण करतात, तिच्यातले ट्रे, टोपल्या, रूळ साध्या लोखंडाचे नसतात. शेकडा 25 भाग क्रोमियम, 20 भाग निकेल आणि अर्ध्या टक्क्याहून थोडा कमी कार्बन, असे ते ओतीव असते. खानदेशच्या उन्हाचा आम्हांला मोठा अभिमान. पण ते 45-46 अंशांचे. हे ओतीव 800-900 अंशांत वर्षानुवर्षे उभे राहते.

त्या आचेत धातूतला कार्बन क्रोमियमला धरून बारीक कणांनी आतल्या आत साचत जातो, आणि ओतीव ठिसूळ होते. गंमत अशी, की भट्टी पेटलेली असेतो हा ठिसूळपणा फारसा जाणवत नाही. निवली की उघडा पडतो. (पेन्शनीत निघालेले काही गृहस्थ येथे आठवतात.) मग चीर दिसते, वेल्डरला बोलावणे जाते, आणि सोमवारी भट्टी पेटलीच पाहिजे असा हुकूम सुटतो. सांधा निवताना आकसतो आणि शेजारच्या धातूला ओढतो. नव्या ओतिवाने ती ओढ थोडे ताणून सोसली असती. जुन्याला ताणता येत नाही. सांध्याला लागूनच दुसरी चीर जाते.

दोष कोणाचा? जुन्याचा म्हणावा, तर आपणच त्याला त्या आगीत उभे केले. नव्याचा म्हणावा, तर आकसणे हा त्याचा धर्मच. मला वाटते, दोष घाईचा. कारण उपाय ठाऊक आहे. सबंध ओतीव 1100 अंशांच्या वर काही तास तापवावे, म्हणजे साचलेले कण बरेचसे विरघळतात. लौकर निववून मगच सांधावे. जुन्याला मऊ करायला थंडावा नव्हे, आजवर सोसली त्याहून मोठी आच लागते! घरातल्या वडीलधाऱ्यांशी मात्र आपण दोन गोड शब्द बोलून वेळ मारून नेतो, आणि त्यालाच समेट म्हणतो.

परंतु कार्बनयुक्त वायूत राबलेल्या ओतिवाची गोष्ट निराळी. त्यात बाहेरचा कार्बन शिरलेला असतो. तो असा तापवून निघत नाही. तेवढा थर घासून काढावा लागतो, आणि तो फार खोल गेला असेल तर ओतीव मोडीतच. खरी कसोटी येथे आहे. वरून गुळगुळीत सांधा घालून देता येतो. मालक खूश, मजुरी पदरात. तडकेल ते मागाहून, तापल्या मालाने भरलेली टोपली उचलताना. आणि तेव्हा तिच्याजवळ उभा असतो तो मदतनीस. त्याने ना घाई केलेली, ना सांधा घातलेला.

नव्या ओतिवाला लोहचुंबक चिकटत नाही. असा कार्बन प्यायलेल्याला बहुधा चिकटतो. म्हणून वेल्डरच्या खिशात एक चुंबक असावा. तो चिकटला, की खडूने फुली मारावी आणि मालकाला तोंडावर सांगावे. मग भट्टी सोमवारी पेटो वा न पेटो.