अँटेना धरून उभा असलेला

घरात एखादे सुख आले म्हणजे ते सर्वांच्या वाट्याला सारखेच येते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चकल्यांच्या घाण्याकडे नुसते पाहिले तरी ती टिकू नये; गरम चकली खाणाऱ्यांत तळणारी कधीच नसते. परंतु चकलीचे उदाहरण दिले की घरोघरी वादाला तोंड फुटते, आणि दिवाळीत ते नको. म्हणून मी दुसरे घेतो. ते आता कुणाला लागायचे नाही, कारण ती वस्तूच आपल्या घरांतून गेली आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. कर्ज काढून संच घेतलेल्या माणसाला गच्चीवरची ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना परवडतेच असे नव्हते. परवडली तरी घरमालक गच्चीची किल्ली देईलच असे नव्हते. मग घरातल्या घरात खटपट. ही खटपट मोठी शहाणपणाची होती, म्हणून ती सांगतो. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. तेवढ्या वेळात तिची सहा कोटी वीस लाख आंदोलने होत असतील, तर एका आंदोलनाची लांबी सुमारे ४.८ मीटर भरते. तिच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे २.३ मीटरच्या आसपास, चपटी दुपदरी वायर घ्यायची. दोन्ही टोकांना तिचे दोन्ही पदर सोलून एकमेकांना पिळून जोडायचे. मध्यावर एकच पदर कापायचा आणि त्या दोन तुटक्या टोकांना तशीच दुसरी वायर जोडून ती संचामागच्या दोन स्क्रूंना न्यायची. मग हे सारे एका लाकडी पट्टीवर ठोकायचे आणि पट्टी आडवी धरून तिची लांब बाजू मनोऱ्याकडे करायची. टोक मनोऱ्याकडे केले तर काही येत नाही. झाली अँटेना! खर्च काही रुपयांचा. लहर खोलीत आधीपासूनच होती. तिच्या मापाची तार तेवढी आपण टांगली. शेजाऱ्याने टांगली म्हणून आपली लहर आटत नाही. इतके निर्मळ घेणे जगात फार थोडे असेल, असे कुणालाही वाटावे.

पण भिंती लहरीला अडवतात, समोरच्या इमारतींवर आपटून ती उशिरा येते, आणि पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याचे फिकट भूत उभे राहते. अशा वेळी घरातला कुणीतरी उठे, पट्टी उचलून हाताने धरी, आणि काय चमत्कार! चित्र लख्ख. ‘आलं, आलं! हलू नकोस!’ तो पट्टी सोडून बाजूला झाला की पुन्हा मुंग्या. यात जादू काही नाही. माणसाचे शरीर विजेला थोडीफार वाट देते, आणि हात पसरलेला माणूस लांबीने त्या पट्टीच्या जवळपासच भरतो. तो अँटेना धरीत नव्हता, तो अँटेनेचा भाग झाला होता. आणि तो जिथे उभा असे तिथून पडदा दिसत नसे.

आता प्रश्न असा, की त्याने उभे राहावे काय?

कुणी म्हणेल, पाळी लावा. परंतु पाळीने हे सुटत नाही. धाकट्या भावाच्या उंचीला जे चित्र येते ते वडिलांच्या पोटाला येत नाही. ज्याचे अंग जुळले, त्याच्यावरच काम येऊन पडते. त्याची पात्रता हीच त्याची शिक्षा. वर्गातही मी हे पाहतो. ज्या मुलाचे अक्षर चांगले, त्यानेच सगळ्यांचे तक्ते लिहायचे. कुणी म्हणेल, तो आनंदाने उभा आहे. असेलही. पण आनंदाने केले म्हणजे फुकट झाले, हा हिशेब नेहमी बसलेली माणसे मांडतात. आणि दर रविवारी तोच उभा राहू लागला की घर त्याचे कौतुक करू लागते. ‘आमचा बाळू म्हणजे मोठा गुणी!’ या कौतुकाची मला धास्ती वाटते. कौतुक सुरू झाले की उपाय शोधणे थांबते.

उपाय पुष्कळदा असे. तो उभा असे त्या जागी खुंटीला एक जर्मनचे ताट टांगून पाहावे, पट्टी वीतभर सरकवावी. कधी जमे, कधी न जमे. पण ताट न टांगताच आपण माणसाला किती वर्षे उभे ठेवले, हे आठवून पाहण्यासारखे आहे.

दूरदर्शनने ते जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केले. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठी केंद्रे अंकीय झाली, तरी तिथे लोक अजून घरी अँटेना करतात. फरक इतकाच, की मुंग्या नाहीत, चित्र गोठते नाहीतर मुळीच येत नाही. म्हणजे तिथेही कुणाला तरी उभे राहावे लागत असेल.

आणि ताटानेही चित्र स्थिर झाले नाही तर? तर त्याला विचारावे. विचारताना ‘बाळू गुणी आहे’ हे म्हणू नये, म्हणजे नाही म्हणायला त्याला जागा राहील. तो हो म्हणालाच, तर पट्टी आहे तिथेच राहू द्यावी आणि संच त्याच्याकडे वळवावा. वायर तेवढी पुरते. बाकीच्यांना चित्र जरा तिरके दिसेल.