लाहोरचा खटला आणि एक कलम

१९२४ साली लाहोरच्या महाशय राजपाल यांनी ‘रंगीला रसूल’ नावाचं चोपडं छापलं. पैगंबरांच्या संसाराची टवाळी करणारं आणि, स्पष्टच बोलायचं तर, अभिरुचीनं हलकं. लेखकाचं नाव त्यावर नव्हतं. राजपालांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. मे १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्यांना सोडलं. पुस्तक त्यांनाही किळसवाणंच वाटलं होतं. पण फिर्याद कलम १५३-अ खालची, म्हणजे समाजासमाजांत वैर पेटवण्याची. दिवंगत धर्मपुरुषावरची टीका, ती कितीही ओंगळ असो, त्यात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आवडनिवड आणि गुन्हा यांत इतकं अंतर राखणारा न्यायाधीश विरळाच.

लोक रस्त्यावर आले. या न्यायाधीशानं राजीनामा द्यावा असं छापल्याबद्दल ‘मुस्लिम आउटलुक’च्या संपादकाला तुरुंगात जावं लागलं. ज्यांच्या भावना दुखावल्या, त्यांच्याही तोंडाला कुलूप! सरकारनं मग त्याच वर्षी दंडविधानात धर्माचा अपमान हा गुन्हा ठरवणारं कलम २९५-अ घातलं. प्रामाणिक चिकित्सकाला त्याचा जाच होऊ नये, असं बॅरिस्टर जिनांनी विधिमंडळात बजावलं. गुन्ह्यासाठी ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू’ हवा, ही अट कलमात आहे ती याच काळजीपोटी.

त्याच सुमाराला पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावर खटला चालू होता. दिनकरराव जवळकरांनी टिळक-चिपळूणकरांना त्यात शिव्यांची लाखोली वाहिली होती. भाषा काही सोवळी नव्हे. १९२६ साली अपिलात डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. पुण्यात संताप कमी नव्हता. पण तो कोर्टाच्या पायऱ्यांवरच थांबला.

लाहोरात तसं घडलं नाही. नवं कलम हाताशी असूनही ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या सुताराच्या पोरानं राजपालांना त्यांच्याच दुकानात भोसकलं. अपिलात त्याचं वकीलपत्र जिनांनी घेतलं, वय लहान म्हणून फाशी टळावी असं मागितलं. ते कोर्टानं मानलं नाही. ऑक्टोबरअखेरीस मियांवाली तुरुंगात तो फासावर गेला. लाहोरात आज त्याची मजार आहे.

मला यात सरकारची चूक दिसते. निकाल न पटल्यावर आरडाओरडा केला की कायदा बदलतो, हे त्यानं लोकांना शिकवलं. दुखावलेल्या मनाची खोली कोर्टाला मोजता येत नाही, जमावाची संख्या मात्र दिसते. मग जो जास्त चिडेल त्याची भावना जास्त खरी. पाकिस्ताननं १९८६ मध्ये त्याच मालिकेत पैगंबरांच्या अवमानाचं २९५-क घातलं. त्या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर २०११ मध्ये स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी मेले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये २९५-अ वैध ठरवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ या क्रमांकानं लागू आहे.