परत मिळालेलं खरं कशावरून?

रात्रपाळीत इंजिनिअरिंग स्टेशनचा संगणक अडतो. प्रोजेक्ट उघडत नाही, डेटाबेस बिघडल्याचा संदेश तेवढा पडद्यावर येतो. कारखान्यातल्या प्रत्येक व्हॉल्व्हचा आणि ट्रान्समीटरचा टॅग, त्याची कमाल-किमान मर्यादा, कोणत्या आकड्याला अलार्म वाजवायचा आणि कोणत्या आकड्याला सगळं ट्रिप करायचं, ही सारी नोंद त्या डेटाबेसमध्ये असते. ती गेली. कारखाना मात्र चालू आहे. पंप फिरताहेत, भट्टी तापलेली आहे. कंट्रोलरने आपल्यापुरती प्रत स्वतःच्या मेमरीत ठेवलेली असते आणि वरची वही हरवली तरी तो आपलं काम करत राहतो.

तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा रासायनिक पट्ट्यांत काम केलेल्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला या प्रसंगाची धास्ती समजावून सांगावी लागत नाही. अशा वेळी अनुभवी माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट बजावतो: जुना बॅकअप चढवून कंट्रोलरमध्ये डाउनलोड करू नका. बॅकअप समजा आठ महिन्यांपूर्वीचा आहे. या आठ महिन्यांत पॅनेल ऑपरेटरांनी लूपचं ट्यूनिंग बदललं असेल, एखादा सेटपॉइंट खाली आणला असेल, एखाद्या व्हॉल्व्हची दिशा उलटी केली असेल. जुनी नोंद डाउनलोड केली की चालत्या कारखान्याचे हे आठ महिने पुसले जातात.

म्हणजे हाताशी दोन साक्षीदार उरतात. बॅकअपला पूर्वीचं आठवतं आणि कंट्रोलरला आत्ताचं माहीत आहे. दोघांचं जमत नसेल तर खरं कोणाचं धरायचं? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न शतकानुशतकं लढवला आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे पहिलेच दोन भाग पडतात, स्मृती आणि अनुभव. केवळ संस्कारातून उपजते ती स्मृती. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, तिला प्रमाण मानत नाहीत, पण ती खोटी असते असा त्यांचा आरोप नाही. जयंत भट्टाने कारण दिलं आहे ते असं, की ज्या वस्तूचं स्मरण होतं ती वस्तू त्या स्मरणाला जन्म देत नसते. आठ महिन्यांपूर्वीचा बॅकअप तेव्हा खरा होता. त्यातला व्हॉल्व्ह आज तसाच आहे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

मग कंट्रोलरकडूनच सगळं परत वाचून घ्यावं, म्हणजे अपलोड करावं, हा सरळ मार्ग वाटतो. तिथे वेगळीच उणीव भेटते. जुन्या पद्धतीच्या कितीतरी पीएलसींमध्ये, म्हणजे कंट्रोलरांमध्ये, प्रोग्रॅम असतो, पण टॅगांची नावं आणि इंजिनिअरने शेजारी लिहिलेल्या टिपा नसतात. त्या वरच्या संगणकातच राहिलेल्या असतात. अपलोड केल्यावर पंप सुरू व्हायला १८० सेकंदांचा विलंब ठेवलेला दिसतो. का ठेवला, ते कुठेच दिसत नाही.

वेदपाठाच्या परंपरेला ही अवस्था ओळखीची आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रचनांत शब्द पुढून मागून, उलटसुलट जोडून म्हणतात. एक अक्षर सरकलं तरी चूक उघडी पडते. संगणकाचा चेकसम हेच काम करतो. या व्यवस्थेने ध्वनी विलक्षण शुद्ध राखला. तरीही यास्काच्या निरुक्तात कौत्साचा आक्षेप नोंदलेला आहे की मंत्रांना अर्थच नाही. यास्क तो खोडून काढतो आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा देतो. टिपा हरवलेला प्रोग्रॅम हा तसाच खांब आहे. भार अचूक पेलतो, पण कशाचा ते त्याला ठाऊक नाही.

चेकसमबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा, कारण जीव त्यावर अवलंबून असतात. चेकसम जुळला याचा अर्थ प्रत मुळासारखी आहे. मूळ खरं होतं की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या रिफायनरीत एक टॉवर भरत होता. उंची १७० फूट. आतलं द्रव दीडशे फुटांच्या वर गेलं, तेव्हा पातळी दाखवणारं उपकरण दहा फुटांहूनही कमी आकडा दाखवत होतं, आणि तोही सावकाश उतरता. टॉवर वरून ओसंडला, बाहेर पडलेल्या वाफेने पेट घेतला, १५ माणसं गेली आणि १८० जखमी झाली. पुढे चौकशीत दिसलं की ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन द्रवाच्या सापेक्ष घनतेच्या जुन्या, बहुधा १९७५ सालच्या आकड्यावर केलेलं होतं. त्या दिवशी एवढंच चुकलं असं नव्हे. चुकांची लांब माळ होती. पण तो आकडा कोणी बिघडवला नव्हता, कुठे पुसला गेला नव्हता. तो जसाच्या तसा जपला गेला होता.

मीमांसक आणि नैयायिक यांचा प्रामाण्याचा वाद नेमका या जागी येऊन ठेपतो. मीमांसक कुमारिलाच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. दोष दिसला किंवा बाधक ज्ञान पुढे आलं तरच ते नाकारायचं. रोजचा कारखाना याच विश्वासावर चालतो. पडद्यावरच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेणारा ऑपरेटर एक पाळीही पुरी करू शकणार नाही. पण मीमांसकांच्या या भूमिकेमागे वेदाची चिंता होती. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. वेद अपौरुषेय, त्याला बोलणाराच नाही, म्हणून दोषाला जागा नाही. कंट्रोल डेटाबेसला ही सवलत कशी मिळणार? तो अथपासून इतिपर्यंत पौरुषेय आहे. वीस-वीस वर्षांत कितीतरी हातांनी तो लिहिलेला असतो, काहींनी घाईत, काहींनी पहाटे चार वाजता. बिघडून परत उभा केलेल्या डेटाबेसपुरतं तरी नैयायिकांचं परतःप्रामाण्यच मानावं लागतं: ज्ञानाचा खरेपणा त्याच्या बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की कळतो. दुरून दिसलेलं पाणी खरं होतं, हे तहान भागल्यावर ठरतं.

अशी बाहेरची पडताळणी सगळ्यांच्याच हाती नसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. त्या कामाचा पाया घालणाऱ्या वि. सी. सुकथनकरांनी आपल्या संहितेला व्यासांचं मूळ म्हटलं नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येतं ते सर्वांत जुनं रूप, एवढाच दावा केला. त्याआधी शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा ज्ञानदेवांना विचारून येण्याची सोय त्यांनाही नव्हती. इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर या बाबतीत भाग्यवान म्हणायचा. त्याच्या पोथीतला प्रत्येक शब्द बाहेर आवारात लोखंडाच्या रूपात उभा आहे. त्याला जाऊन विचारता येतं.

या विचारण्याला लूप चेकिंग म्हणतात. टेक्निशियन फील्डमध्ये ट्रान्समीटरपाशी उभा राहून तारेत ठरावीक प्रवाह सोडतो: ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर. कंट्रोल रूममधला वॉकी-टॉकीवर वाचून दाखवतो: शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर टक्के. असे शेकडो लूप, कधी हजारो. कंटाळवाणं काम आहे आणि याहून सचोटीचं काम कारखान्यात क्वचितच होतं.

त्यातला पहिला आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. शून्य टक्क्यांसाठी शून्य प्रवाह न ठेवता चार मिलिअँपिअर का? हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या उपकरणांतही मोजणी शून्यापासून नव्हे, ३ पीएसआयपासून १५ पर्यंत व्हायची. टाकी रिकामी असेल तर चार मिलिअँपिअर येतात. तार तुटली तर काहीच येत नाही. ३.६ किंवा त्याहून खाली गेलेला प्रवाह बिघाडाचा समजायचा, असा संकेतच आहे. ‘टाकीत काही नाही’ आणि ‘टाकीबद्दल काही कळत नाही’ यांत उपकरण फरक करू शकतं. कुमारिलाने अनुपलब्धी हे सहावं प्रमाण मानलं, त्यातला बारकावा हाच. जमिनीवर घट नाही हे कळायला घट न दिसणं पुरत नाही. घट असता तर दिसलाच असता, इतका उजेड हवा आणि डोळे धड हवेत. अंधारात न दिसलेल्या घटावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाही. चार मिलिअँपिअर म्हणजे खोलीत दिवा लागलेला आहे याची खूण. बिघडलेला डेटाबेस परत उभा करताना रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक रकान्यापाशी हा प्रश्न विचारावा लागतो: इथे मुळात काही नव्हतं, की होतं ते गेलं?

दिवा लावणाराच फसवत असेल तर? २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमने इराणमधल्या नतांझच्या सेंट्रिफ्यूजांवर हल्ला केला तो अशाच रीतीने. इंजिनिअर पीएलसीतला प्रोग्रॅम वाचायला गेला तर त्याला निर्दोष प्रोग्रॅम दिसे. स्टक्सनेटच्या एका रूपात २१ सेकंदांचे नेहमीचे आकडे टिपून तेच पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जात. स्मृती दूषित, आणि जे प्रत्यक्ष म्हणून समोर येत होतं तेही दूषित. अशा वेळी तारेबाहेरचं काही लागतं: नळीवरचा साधा गेज, यंत्राचा बदललेला आवाज, जवळ उभं राहिलेलं माणूस.

१९ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. सुमारे ३५ हजार कर्मचारी, ४० देशांत पसारा. कंपनीने खंडणी दिली नाही, बॅकअपवरून यंत्रणा उभी केली. तोवर कित्येक ठिकाणी काम हाताने आणि कागदावर चाललं, आणि कागदाच्या काळातली रीत आठवणारी निवृत्त माणसं मदतीला परत आली. न्यायदर्शनात अशा माणसांच्या सांगण्याला शब्दप्रमाण म्हणतात, आप्ताचं वचन. वात्स्यायनाने आप्त ठरवताना कुळ किंवा पदवी पाहिली नाही: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सर्वांना सारखंच लागू.

परतःप्रामाण्यावरचा जुना आक्षेप अनवस्थेचा आहे. लूप कॅलिब्रेटरने तपासला. कॅलिब्रेटर कोणी तपासला? प्रयोगशाळेने. तिला नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आधार. अँपिअरचं एकक तर २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचं मूल्य कायम धरून ठरतं, आणि ते तसं धरायचं हे जगातल्या देशांच्या प्रतिनिधींनी व्हर्सायला जमून मतांनी ठरवलं. साखळीच्या शेवटच्या कडीला माणसांचा करार आहे. उदयनाचार्यांनी अनवस्थेला दिलेलं उत्तर कारखान्यात जास्त उमगतं. शंका कृतीशी टक्कर घेईपर्यंतच टिकते. धूर हवा म्हणून जो स्वतः आग पेटवतो, त्याला आगीने धूर होतो का ही शंका उरलेली नसते.

रिकव्हरी संपत आली की सुरक्षेच्या इंटरलॉकवरचे तात्पुरते बायपास एकेक करून काढतात. प्रत्येकासमोर वेळ आणि सही. खरोखरचा ट्रिप घडवून पाहतात. तो १८० सेकंदांचा विलंब मात्र तसाच राहिलेला असतो. काढायचा की ठेवायचा, कोणीच ठरवत नाही. मग पहिल्या पाळीला आलेला जुना ऑपरेटर सांगतो, ‘साहेब, पाइपात गार झालेलं घट्ट होतं. स्टीम ट्रेसिंगला तीन मिनिटं तरी द्यावी लागतात, नाहीतर पंप अडकतो.’ इंजिनिअर त्याच्याबरोबर पाइपापाशी जातो, हात जवळ नेऊन ऊब पाहतो, आणि परत येऊन नव्या डेटाबेसच्या टिपेच्या रिकाम्या रकान्यात त्याचं वाक्य लिहितो. खाली तारीख, आणि ऑपरेटरचं नाव.